तेलाचा दाब मोजला तो आठवडा

नोकरी सुरू व्हायला अकरा दिवस होते तेव्हा मी रस्त्याची रंगीत तालीम घेतली. मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या आमच्या घरापासून कारखान्यापर्यंत एका बाजूला सेहेचाळीस मैल. ट्रक कुठे अडतात, पार्किंग कुठल्या दाराजवळ पडतं, किती वाजता निघालं तर वेळेत पोचतो, हे आधी बघून ठेवलं की पहिल्या दिवशी डोक्यात फक्त काम राहतं. म्हणून गुरुवारी सकाळी मी खऱ्या वेळेला निघाले, कारखान्याच्या फाटकाला हात लावल्यासारखं करून परत फिरले.

येताना आमच्या एक्झिटच्या उताराखाली सिग्नलला थांबले आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकला. तेलाच्या बुधलीचं चित्र असलेला. अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबला की विझायचा, पाय काढला की परत लागायचा. पिवळा दिवा असता तर घरापर्यंत आले असते. लाल म्हणजे इंजिनाला तेल मिळत नाही, इतपत मला माहीत होतं. शेजारच्या औषधांच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी घेतली, बंद केली आणि वही काढली. किती वाजता, किती मैल चालल्यावर, उभ्या गाडीत लागतो, वेग दिला की जातो, काटा गरमीच्या मध्यावर, खडखड आवाज नाही. दहा मिनिटं थांबून डिपस्टिक काढून बघितली. तेल वरच्या खुणेच्याही थोडं वर होतं. तेल भरपूर आहे, म्हणजे गळती नाही, एवढाच अर्थ मी काढला. खुणेच्या वर का आहे, हा प्रश्न मला सुचला नाही.

ही नोकरी माझ्यासाठी काय होती ते सांगायला हवं. पुण्यात लग्नाआधी सहा वर्षं मी एका कारखान्याच्या तपासणी विभागात होते. इथं आल्यावर नवऱ्याच्या व्हिसावर असल्यामुळे काम करायची परवानगी नव्हती. ती मिळेपर्यंत अकरा वर्षं गेली, आणि मिळाल्यावर बायोडेटातल्या त्या अकरा वर्षांच्या मोकळ्या जागेकडे बघून लोक नम्रपणे नाही म्हणायचे. एकट्या या छोट्या कारखान्यानं मला समोर बसवून एक पार्ट हातात दिला आणि मोजायला सांगितलं. मी मोजला. दुसऱ्या दिवशी होकार आला. नवऱ्याचं ऑफिस बरोबर उलट्या दिशेला, बस नाही, आणि त्याच्या कंपनीत माणसं कमी करायचं चालू असल्यामुळे दुसरी गाडी घ्यायची नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. म्हणजे माझी बारा वर्षांची गाडी हीच नोकरीची वाट होती.

गॅरेजवाल्यानं शुक्रवारी दाबाचा सेन्सर बदलून पाहिला. दिवा तरीही लागला. शनिवारी दुपारी त्याचा फोन आला, की सेन्सर नवीन आहे, तेल आहे, गाडीचं वय झालंय, म्हणजे आतले बेअरिंग झिजलेत. इंजिन बदलावं लागेल. त्या कामाचा आकडा गाडीच्या किमतीपेक्षा मोठा होता. मी आभार मानले आणि गाडी टो करून घरी आणवली.

"रिस्टार्ट करून बघितलीस का?" नवरा म्हणाला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे.

"हसू येत नाहीये."

"बरं. मग सोमवारचं काय करायचं?"

"पुढच्या सोमवारचं. अजून नऊ दिवस आहेत."

रात्री कारखान्यात भरतीचं काम बघणाऱ्या बाईंना ईमेल लिहिला, की गाडीची अडचण आहे, एक आठवडा पुढे ढकलता येईल का. रविवार असूनही सकाळी उत्तर आलं. ट्रेनिंगची तुकडी सोमवारीच सुरू होते, पुढची तीन महिन्यांनी. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत नक्की सांगा, नाहीतर यादीतल्या पुढच्या व्यक्तीला बोलावू. कडक होतं, पण रास्त होतं. मीही तसंच लिहिलं असतं.

आमच्या मागच्या गल्लीत एक काका राहतात. पन्नास वर्षांपूर्वी पुण्याहून आले आणि निवृत्त होईपर्यंत इंजिनांच्या डिझाइनमध्ये होते. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात लोक त्यांच्याभोवती गाड्यांच्या तक्रारी घेऊन उभे राहतात, जसे डॉक्टरभोवती पाठदुखी घेऊन राहतात. म्हणूनच मी आजवर त्यांना कधी विचारलं नव्हतं. त्या रविवारी विचारलं.

"दाब किती आला?" काकांनी फोनवर पहिलाच प्रश्न केला.

"दिवा लागतोय."

"दिव्याचं नाही विचारलं. दिवा फक्त कमी आहे म्हणतो. किती कमी, कधी कमी, ते गेज लावल्यावर कळतं. गॅरेजवाल्यानं गेज लावला का?"

"नाही. सेन्सर बदलला."

"मोजलं नाही आणि इंजिन नापास केलं. तू इन्स्पेक्शनमध्ये होतीस ना गं?"

मला खरंच लाज वाटली. न मोजता एखादा पार्ट नापास मालाच्या लाल डब्यात टाकला असता तर पुण्यातल्या आमच्या साहेबांनी मला दिवसभर उभं ठेवलं असतं.

दुपारी काका-काकू आले. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. काकूंनी दारातच अटी सांगितल्या.

"हे खुर्चीतून उठणार नाहीत. गाडीखाली तर नाहीच नाही. उठले तर मला हाक मार, मी आत बसलेय."

"मी काय जेलमध्ये आहे?" काका म्हणाले.

"जेलमध्ये असता तर बरं होतं, तिथं शिड्या नसतात."

मागे कधीतरी काका शिडीवर चढले होते, एवढं मला कळलं. मार्चची थंडी होती, ड्राइव्हवेच्या कडेला काळा पडलेला बर्फ अजून तसाच होता. मी गराजमध्ये घडीची खुर्ची मांडली, हीटर लावला, काकांच्या गुडघ्यावर शाल टाकली. पार्टच्या दुकानातून गेज वापरायला मिळतो, डिपॉझिट ठेवून न्यायचा आणि काम झालं की परत करायचा. तो मी आणून ठेवला होता.

काकांनी आधी डिपस्टिक मागितली. त्यांनी ती नाकाशी नेली, मग माझ्याकडे दिली.

"वास घे."

"गॅसचा वास येतोय," मी म्हणाले. इथं गॅस म्हणजे पेट्रोल.

"हं. आता वही दे. काकू म्हणाली तुझ्याकडे वही असते."

मी अभिमानानंच दिली. या गाडीच्या आठ वर्षांच्या नोंदी तीत आहेत. टायर, ब्रेक, बॅटरी, आणि दर पाच हजार मैलांना तेलबदल. एकही चुकलेला नाही. पाच हजार म्हणजे पाच हजार, कधी चार हजार नऊशे ऐंशी.

काका मैलांचा रकाना सोडून तारखांवरून बोट फिरवू लागले. "हा तेलबदल आणि हा तेलबदल. मध्ये चौदा महिने. इथं सतरा. इथं एकोणीस." त्यांनी चष्मा काढला. "ही गाडी जायची कुठं?"

मी सांगितलं. शाळा, दोन मैल. किराणा, दीड मैल. लायब्ररी, तीन. पोहण्याचा क्लास, दोन. लांब जायचं असलं की नवऱ्याची गाडी. सांगता सांगताच मला उमगायला लागलं होतं, पण काकांनी पूर्ण सांगितलं. मिशिगनच्या थंडीत दोन मैलांत इंजिन पुरतं गरम होत नाही. थंड इंजिनात जास्तीचा गॅस जळत नाही, तो तेलात उतरतो. पाण्याची वाफही तेलातच राहते. लांब गाडी चालली तर गरमीनं दोन्ही उडून जातं. ही गाडी लांब गेलीच नाही. त्यामुळे तेल पातळ होत गेलं, मोजायला वाढत गेलं, आणि त्यात चिखल बसत गेला.

"अशा गाडीचं तेल मैलांवर नाही बदलायचं, महिन्यांवर बदलायचं. सहा महिने झाले की मैल कितीही असोत."

"पुस्तकात लिहिलंय हे?"

"लिहिलेलं असतं. लहान अक्षरांत, दोन कोष्टकं असतात. तू पहिलं वाचलंस."

मी आतून पुस्तक आणून बघितलं. दोन कोष्टकं होती. आठ वर्षं मी वरच्या कोष्टकाप्रमाणे अचूक वागले होते, आणि माझं सगळं जगणं खालच्या कोष्टकात बसत होतं. गाडी मी बिघडवली होती, आणि तीही नीटनेटकेपणानं.

"चल," काका म्हणाले, "वाईट वाटून घ्यायला आठवडा पडलाय. आधी मोजू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलायच्या आधी आकडा लिहायचा. दोन गोष्टी एकदम केल्यास तर कशानं बरं झालं ते कळणार नाही."

या पद्धतीत मी लगेच रमले. सेन्सर काढला, त्याच्या जागी गेजची नळी बसवली, गराजचं दार पूर्ण वर केलं. नवरा गाडीत बसला. थंड इंजिनावर काटा साठ पौंडांच्या जवळ. वीस मिनिटांनी गरम झाल्यावर उतरत उतरत सहावर आला.

"पाचाच्या खाली गेला तर बंद," काकांनी बजावलं. मग नवऱ्याला म्हणाले, "आता हळू इंजिन दोन हजार फेऱ्यांवर घे. दोन हजार म्हटलं. अडीच नको, ही प्रेझेंटेशनची स्लाइड नाहीये."

"सॉरी काका."

सोमवारी तेल आणि फिल्टर बदलला. मी गाडी जॅकवर उचलली, खाली स्टँड लावले, मागच्या चाकांना पाचर ठोकली. काकांनी खुर्चीतून तीनदा विचारलं, स्टँड लावले का. जुनं तेल पाण्यासारखं वाहिलं. नवीन तेलावर, गरम इंजिनात, उभ्या गाडीला नऊ. सहाचे नऊ झाले. माझ्या मते सुधारणा होती. काकांच्या मते अर्धी.

"आता तीन हजारावर ने आणि काटा बघ."

काटा तीसपर्यंत चढला, थरथरला, आणि नवऱ्याचा पाय तसाच असताना परत वीसवर उतरला. पुन्हा केलं, पुन्हा तसंच झालं.

काका पुढे झुकले. त्यांचा चेहरा उजळला होता, आणि मला ते विचित्र वाटलं.

"बेअरिंग झिजले असते तर वेग वाढल्यावर दाब वाढला असता आणि वाढलेला राहिला असता. हा चढून पडतोय. पंप ओढतोय पण त्याला तेल मिळत नाहीये. लस्सीत साय अडकली की स्ट्रॉ कसा दबतो, तसं. तळाशी जाळी आहे, ती चोंदलीय."

"म्हणजे इंजिन ठीक आहे?"

"म्हणजे बेअरिंगवर आरोप करायला अजून पुरावा नाही. इंजिनाखालचं तेलाचं पॅन उघडल्यावर खरं कळेल. आत पिवळट चकाकणारी धातूची पूड दिसली तर गॅरेजवाला बरोबर. मग मी काही करू शकत नाही, तूही नाही."

त्या रात्री कारखान्याला पाठवायच्या नकाराच्या पत्राचा मसुदा मी लिहून ठेवला. मला दोन्ही उत्तरं तयार ठेवायला आवडतं. नवऱ्यानं तो वाचला.

"छान लिहिलंयस," तो म्हणाला. "पाठवायची इतकी घाई का?"

"पाठवलेला नाही. ड्राफ्टमध्ये आहे."

"उद्या मी सुट्टी घेतो. मला खाली झोपता येतं, तुला माहितीये."

"तू मेणबत्ती पेटवलीस तरी हात भाजून घेतोस. तू बोल्ट मोज."

मंगळवारी तो खरंच घरी राहिला. या गाडीत तेलाचं पॅन सरळ खाली निघतं, मध्ये मोठं काही काढावं लागत नाही, हे आमचं नशीब. चौदा बोल्ट. काकांनी एका पुठ्ठ्यावर पॅनचं चित्र काढून भोकं पाडली होती. निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागच्या भोकात खोचायचा. तीस वर्षं ते असंच करत आले, म्हणाले. मी पाठीवर झोपून एकेक बोल्ट सोडत होते आणि नवरा मोठ्यानं आकडे म्हणत होता. आतून काकूंचा आवाज आला, "खुर्चीत आहेत ना?" आम्ही तिघंही एकदम "हो" म्हणालो. काका तेव्हा उभे होते.

पॅन चिकटून बसलं होतं. पातळ पट्टी घालून कडेनं हळूहळू मोकळं केलं. ते खाली आलं तेव्हा थोडं तेल माझ्या बाहीत गेलं. मी सरकत बाहेर आले आणि पॅन उजेडात धरलं.

तळाशी काळा, मऊ गाळ होता, बोटभर. काकांनी जुना पांढरा रुमाल दिला. मी गाळ त्यावर पसरला आणि टॉर्च मारला. आम्ही तिघंही वाकलो. अकरा वर्षांनंतर मिळालेली गोष्ट आता त्या रुमालावर पडली होती, आणि त्यात काय चकाकतंय ते मला बघायचं होतं. रुमाल तिरका केला, सरळ केला, परत तिरका. काकांनी लोहचुंबक फिरवलं. त्याला थोडी राखाडी पावडर लागली.

"ही एवढी असते. सगळ्यांच्यात असते." त्यांनी रुमाल डोळ्यांजवळ नेला, मग नवऱ्याकडे दिला. "तुझे डोळे तरुण आहेत. पिवळं, तांब्यासारखं काही?"

"नाही."

"नीट बघ."

"काका, नाहीये. काळंच आहे सगळं."

"मग इंजिन पास," काका म्हणाले आणि खुर्चीत बसले.

मी परत खाली गेले. तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाची जाळी दिसतच नव्हती, तिच्या जागी डांबरासारखं काळं झाकण दिसत होतं. एका कोपऱ्यात नखाएवढी जागा मोकळी होती. इतके दिवस इंजिन तेवढ्यातून तेल पीत होतं. नळी काढली, रसायनात भिजवली, दात घासायच्या ब्रशनं घासली. तासाभरानं बारीक चौकोन एकेक करून दिसायला लागले. नळीच्या वरच्या टोकाची रबरी रिंग वाळून कडक झाली होती, तिथूनही हवा जात असणार. नवीन रिंग घातली. पॅन पुसून लख्ख केलं, कडेला गळती थांबवणाऱ्या सीलंटची सारखी रेघ ओढली, बोल्ट पुठ्ठ्यावरून एकेक काढून समोरासमोर कसत गेले.

इथं माझी घाई झाली असती. सीलंटच्या ट्यूबवर वाळायला चोवीस तास लागतात असं लिहिलेलं. मला त्याच संध्याकाळी तेल भरून बघायचं होतं, तसं मी बोललेही. काका म्हणाले, "भर. गळलं की शुक्रवारी परत पॅन काढ." बुधवारचा अख्खा दिवस मी गाडीला हात लावला नाही. कपाटं आवरली, ती आवरलेलीच होती. काकूंनी आप्पे पाठवले आणि फोनवर सांगितलं, "गं, रविवारपासून हे जेवताना इंजिनाबद्दलच बोलतायत. गेले चार महिने माणूस खिडकीत बसून रस्ता बघत होता. तू अजून काही बिघडव."

"काकू, हे पुरे आहे."

"नाही, थोडं हळूहळू बिघडव."

गुरुवारी सकाळी नवीन तेल, नवीन फिल्टर, गेज परत जागेवर. नवरा ऑफिसला उशिरा जाणार होता. काका कोट घालूनच आले. इंजिन चालू केलं. थंड, पासष्ट. आम्ही वाट बघत राहिलो. वीस मिनिटं काकांनी घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही. काटा खाली येत गेला, तीस, बावीस, अठरा, आणि सोळावर थांबला. मी अजून पाच मिनिटं थांबवलं. सोळाच.

"तीन हजार," काका म्हणाले.

अठ्ठेचाळीस. काटा तिथं गेला आणि भिंतीला टेकल्यासारखा राहिला. नवऱ्यानं पाय हलवला नाही, काटाही हलला नाही. मी वाकून पॅनच्या कडेवरून बोट फिरवलं. कोरडं.

काकांनी माझ्याकडे हात पुढे केला. मला वाटलं उठायला आधार हवाय. त्यांना हस्तांदोलन करायचं होतं. माझे हात काळे होते, त्यांनी तरीही केलं.

सेन्सर परत बसवून मी आणि काका फ्रीवेवर गेलो, पंचवीस मैल जाणं, पंचवीस मैल येणं. काकूंनी परवानगी दिली होती. काका सगळा वेळ खिडकीची काच इंचभर खाली करून आवाज ऐकत बसले होते. परतताना म्हणाले, "पहिला तेलबदल हजार मैलांतच कर. आत अजून चिखल असेल, तो सुटत राहील. मग दर सहा महिन्यांनी."

"आता रोज ब्याण्णव मैल होतील काका. आता मैलांचाच रकाना चालेल."

ते हसले. "तेही खरं. पण दोन्ही ठेव. दिवस बदलतात."

शुक्रवारी सकाळी नऊला मी कारखान्याच्या बाईंना फोन केला. गाडी दुरुस्त झाली का, त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. कोणी केली, त्यांनी सहज विचारलं, आणि मी म्हणाले, मी केली, शेजारच्या काकांनी खुर्चीत बसून करवून घेतली. मग त्या म्हणाल्या, सेफ्टी शूज घालून या, डाव्या बाजूच्या दारानं. फोन ठेवून मी तो मसुदा डिलीट केला.

सोमवारी सहा वाजून पाच मिनिटांनी निघाले. डबा, बूट, ओळखपत्र, पाणी. उजाडायचं होतं, शेतांवर धुकं होतं, ट्रकची रांग नेहमीच्या ठिकाणी लागली होती आणि मी तिच्या मागं शांतपणे थांबले. डॅशबोर्डवर काहीच लागलं नव्हतं. कारखान्याच्या पार्किंगमध्ये पोचले तेव्हा वीस मिनिटं हातात होती. डाव्या दाराबाहेर माझ्यासारखेच चार जण नवे, ताठ बूट घालून उभे होते. त्यातल्या एका पांढऱ्या केसांच्या बाईनं मला विचारलं, लांबून आलात का. सेहेचाळीस मैल, मी म्हणाले. रोज येणार? तिनं विचारलं.

"रोज," मी म्हणाले, आणि दार उघडलं तसे आम्ही आत गेलो.